अचूक म्हणजे कुठपासून कुठपर्यंत?

गेल्या हिवाळ्यात धाराशिवला माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात 'मोजमापातील चुका' या विषयावर बोलण्याची संधी मिळाली. व्हर्नियर कॅलिपर, लघुतम माप, शून्यांक दोष अशी नेहमीची उजळणी झाली. चहाच्या सुट्टीत भूम तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी पर्समधून वर्तमानपत्राचे कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाची ती जाहिरात होती. रोबोच्या साहाय्याने मेंदूतल्या गाठीवर बिनटाक्याची शस्त्रक्रिया, आणि खाली ठळक अक्षरांत : 'अचूकता एका मिलिमीटरच्याही आत!'

बाई म्हणाल्या, "सर, पोरांना मी रोज सांगते, नुसता आकडा लिहू नका, काय मोजलं, कशानं मोजलं ते लिहा. मग हे मोजलंय कुणी? आणि कशानं? माणसाच्या डोक्यात पट्टी घालून तर बघितलं नसेल!"

सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माझे काम प्रारणांच्या मोजमापाशी संबंधित आहे. म्हणून मला उत्तर ठाऊक होते, पण ते चहाच्या कपाएवढ्या वेळात मावणारे नव्हते. शिवाय मनात थोडी खंतही होती. असले आकडे जाहिरातवाले छापतात तसेच आम्ही विज्ञानलेखकही छापतो. 'केसाच्या जाडीइतका नेम' असे लिहिले की लेख वाचनीय होतो. तो आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे लिहिण्याचे कष्ट आपण घेत नाही. ते या लेखात घ्यायचे ठरवले आहे.

यंत्र काय करते?

स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये एक कल्पना मांडली. कवटी न उघडता मेंदूतला छोटासा भाग नष्ट करायचा असेल, तर प्रारणांच्या अनेक बारीक शलाका वेगवेगळ्या दिशांनी सोडाव्यात. प्रत्येक शलाका एकटी दुबळी असते, त्यामुळे वाटेतल्या निरोगी भागाला फारशी इजा होत नाही. सगळ्या शलाका जिथे एकमेकींना छेदतात तिथे मात्र मात्रा प्रचंड होते. लहानपणी भिंगाने कागद जाळताना आपण हेच केलेले असते. या कल्पनेतून १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये 'गॅमा नाइफ' हे कोबाल्ट वापरणारे यंत्र तयार झाले. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीचे एम्स येथे आले.

या पद्धतीत नेम चुकू नये म्हणून रुग्णाच्या कवटीला स्क्रूने धातूची चौकट बसवत. चौकट हाच मोजमापाचा आधार होता. आपण आलेखावर आधी अक्ष काढतो आणि मग बिंदू मांडतो, तसे. लेक्सेल यांच्याकडे काही काळ शिकलेले स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन अ‍ॅडलर यांना ही चौकट काढून टाकायची होती. त्यांनी एक छोटा रेषीय त्वरक मोटार कारखान्यात वापरतात तशा रोबोच्या हातावर बसवला. १९९४ मध्ये या यंत्राने पहिला रुग्ण तपासला गेला आणि उपचारित झाला. हेच 'सायबरनाइफ'.

चौकट नाही, मग अक्ष कुठले? इथे रुग्णाची हाडेच अक्षांचे काम करतात. उपचाराआधी डोक्याचे सी.टी. चित्रण घेतलेले असते. उपचाराच्या खोलीत छताला दोन क्ष-किरण नळ्या असतात. त्या उपचार चालू असताना ठरावीक वेळाने रुग्णाची चित्रे घेतात. संगणक ही चित्रे सी.टी.वरून तयार केलेल्या चित्रांशी ताडून पाहतो. डोके किंचित सरकलेले दिसले, तर रोबो तेवढाच सरकून नेम सुधारतो. सहा सांध्यांचा तो हात गाठीभोवतीच्या शंभराहून अधिक जागांवरून शलाका सोडू शकतो.

डोक्यात पट्टी घालणे

आता बाईंचा प्रश्न. गंमत अशी की मोजणारे खरोखरच डोक्यात पट्टी घालतात. डोके मात्र प्लास्टिकचे असते.

हे डोके आतून माणसासारखे केलेले असते. त्यात प्लास्टिकचा एक घन बसवतात आणि घनाच्या पोटात एक गोळा असतो. हा गोळा म्हणजे 'गाठ'. घनाला एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन फटी असतात, त्यांत खास फिल्म सरकवतात. प्रारण पडले की ही फिल्म काळवंडते, आणि जितकी मात्रा जास्त तितका रंग गडद. ती रसायनात धुवावी लागत नाही.

मग या डोक्याला खऱ्या रुग्णासारखे वागवतात. त्याचे सी.टी. चित्रण होते. संगणकावर गोळ्याची सीमारेषा आखली जाते. कमाल मात्रेच्या ७० टक्के मात्रेची रेषा गोळ्याभोवती बसेल अशी योजना तयार होते. डोके टेबलावर ठेवून रोबो उपचार करतो. नंतर फिल्म काढून स्कॅन करतात आणि ७० टक्के मात्रेचा जो ठसा उमटला त्याचा मध्य काढतात. गोळ्याचा मध्य फिल्मच्या कडांवरून आधीच माहीत असतो. दोन मध्यांमधले अंतर म्हणजे यंत्राची एकूण चूक.

दोन फिल्म कशासाठी? एका फिल्मवर दोनच दिशा मोजता येतात. काटकोनातल्या दुसऱ्या फिल्मवरून तिसरी दिशा मिळते. समजा, डावी-उजवीकडची चूक ०.५ मि.मी., पुढे-मागे ०.६ मि.मी. आणि वर-खाली ०.४ मि.मी. निघाली. पायथागोरसचा सिद्धान्त तीन मितींत वापरला की :

०.२५ + ०.३६ + ०.१६ = ०.७७, वर्गमूळ सुमारे ०.८८ मि.मी.

अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये या यंत्रांच्या तपासणीसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. स्थिर लक्ष्यासाठी ही एकूण चूक ०.९५ मि.मी. पेक्षा जास्त नसावी, असे त्यात म्हटले आहे. श्वासाबरोबर हलणाऱ्या लक्ष्यासाठी मर्यादा १.५ मि.मी. आहे. जाहिरातीतला 'मिलिमीटरच्या आत' हा आकडा इथून आला. या चाचणीला 'टोकापासून टोकापर्यंतची चाचणी' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा वाद या दोन टोकांचा आहे.

आधी आकड्याच्या बाजूने

टीका करण्यापूर्वी न्याय करू. ही चाचणी ज्यांनी योजली त्यांनी सोपा मार्ग घेतला नाही. कारखान्यातल्या रोबोचा हात त्याच त्या बिंदूवर पुन:पुन्हा आला, तर त्यात ०.२ मि.मी. किंवा त्याहूनही कमी फरक पडतो. ते हा आकडा सांगून मोकळे होऊ शकले असते. पण हात नेमका जातो, म्हणून शलाका नेमकी जाईल असे नाही. त्वरकाचा केंद्रबिंदू, क्ष-किरण नळ्यांची जुळणी, सी.टी.च्या कापांची जाडी, संगणकाची गणिते, टेबल अशी ही लांबलचक साखळी आहे. कड्या सुट्या सुट्या मोजून बेरीज मांडण्याऐवजी सगळी साखळी एकदम ओढून पाहायची, हा विचार शास्त्रशुद्ध आहे. ०.२ सांगण्याऐवजी ०.९५ सांगणे हा प्रामाणिकपणाच होय.

आपल्या प्रयोगशाळेत मात्र आपण नेमकी उलट चूक शिकवतो. व्हर्नियरचे लघुतम माप ०.०१ सें.मी., म्हणून वहीत 'अचूकता ०.०१ सें.मी.' असे लिहिले जाते. लघुतम माप ही उपकरणाची बारीक दृष्टी. जबडे झिजले असतील, विद्यार्थ्याने गोळी तिरकी धरली असेल, तर त्या बारीक दृष्टीचा उपयोग चूक बारकाईने लिहिण्यापुरताच. ०.२ आणि ०.९५ यांमधला फरक समजावून सांगितला, तर विद्यार्थ्याला हा मुद्दा सहज उमजेल.

तर आकडा खोटा नाही. तो कशाचा आहे हे न सांगणे, हा दोष आहे. आता तो काय सांगत नाही ते पाहू.

मध्य सापडला, सीमा कुठे आहे?

पहिली गोष्ट, ही चाचणी मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजते. नेमबाजाचा एक बाण लक्ष्याच्या दोन बोटे डावीकडे आणि दुसरा दोन बोटे उजवीकडे लागला, तर सरासरी मध्यावरच येते आणि चूक शून्य निघते! वेगवेगळ्या दिशांच्या शेकडो शलाकांच्या चुका एकमेकींना अशाच झाकू शकतात. मध्य जागेवर राहील, पण ठशाची कड पुसट होईल. आणि मेंदूत महत्त्व कडेला असते. दृष्टीची चेता गाठीपासून दोन मिलिमीटरवर असेल, तर डॉक्टरला मध्याची चिंता नसते, मात्रा कडेला किती झपाट्याने उतरते याची असते. म्हणून चांगले भौतिकशास्त्रज्ञ मध्यावर न थांबता फिल्मवरचा सगळा उतार तपासतात. जाहिरातीत त्या उताराला जागा नसते.

दुसरी गोष्ट, प्लास्टिकच्या गोळ्याची कड स्वच्छ असते. गाठीची कड तशी नसते. ती बहुधा एम.आर.आय. चित्रात चांगली दिसते. ते चित्र सी.टी.वर जुळवून बसवावे लागते, आणि एम.आर.आय.मध्ये भूमितीची थोडी विकृतीही असते. नंतर डॉक्टर हाताने सीमा आखतात. दोन अनुभवी डॉक्टरांना एकच चित्र दिले, तरी रेषा तंतोतंत जुळत नाहीत. यातली कोणतीही चूक प्लास्टिकच्या डोक्याच्या चाचणीत सापडत नाही, कारण तिथे 'गाठ' कुठे आहे हे आधीच ठाऊक असते.

या चुका एकत्र कशा होतात ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा यंत्राची चूक ०.५ मि.मी., चित्रे जुळवण्याची १ मि.मी. आणि सीमा आखण्याची २ मि.मी. आहे. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या चुका वर्ग करून बेरजेने मिळवतात :

०.२५ + १ + ४ = ५.२५, वर्गमूळ सुमारे २.२९ मि.मी.

आता रुग्णालयाने मोठा खर्च करून नवे यंत्र आणले आणि यंत्राची चूक निम्मी, म्हणजे ०.२५ मि.मी. झाली. बेरीज ५.०६, वर्गमूळ सुमारे २.२५ मि.मी. फायदा किती, तर ०.०४ मि.मी.! त्याऐवजी दोन डॉक्टरांनी एकत्र बसून, अधिक चांगली चित्रे घेऊन सीमा आखण्याची चूक १ मि.मी.वर आणली, तर जुन्याच यंत्राने एकूण चूक १.५ मि.मी. होते. साखळीतली सर्वांत मोठी चूक तशीच ठेवून लहान चूक आणखी लहान करत बसण्यात फारसे हशील नाही. (विद्यार्थ्यांना एक सूचना जरूर द्यावी. कायम एकाच दिशेने होणाऱ्या चुकांना हा वर्गमूळाचा नियम लागू पडत नाही. त्या सरळ बेरजेने वाढतात.)

नेम बरोबर, मात्रा चूक

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. शलाका कुठे पडली हे फिल्मने सांगितले. किती पडली?

फ्रान्समधील तुलूझ शहराच्या रांगेइ रुग्णालयात एप्रिल २००६ ते एप्रिल २००७ या काळात १४५ रुग्णांना ठरवल्यापेक्षा जास्त मात्रा मिळाली. तिथले यंत्र रोबोचे नव्हते, पण उद्देश तोच होता : बारीक शलाकांनी मेंदूवर उपचार. नेमात बिघाड झालेला नव्हता. चूक झाली ती यंत्र सुरू करताना, शलाकेची ताकद मोजण्यात. त्यासाठी जे मापक वापरले ते बारीक शलाकेच्या मानाने फार मोठे होते.

हे समजणे अवघड नाही. अंगणात एक मोठी परात ठेवली आणि तिच्या मध्यावर पाण्याची बारीक धार सोडली. परातीत जमलेले पाणी परातीच्या सगळ्या क्षेत्रफळावर वाटून 'इथे इतका पाऊस पडला' असे म्हटले, तर उत्तर खूपच कमी येईल, कारण परातीचा बहुतेक भाग कोरडाच होता. तसेच तिथे झाले. मोठ्या मापकाचा काही भाग शलाकेबाहेर राहिला, सरासरी कमी आली आणि यंत्र दुबळे आहे असे वाटले. मग ठरलेली मात्रा देण्यासाठी यंत्र जास्त वेळ चालवले गेले. प्रत्येक दिवशी, प्रत्येक रुग्णाला, त्याच दिशेने तीच चूक. रोजच्या तपासणीत ती दिसली नाही, कारण रोजची तपासणी कालच्या आकड्याशी ताडून होते, आणि कालचा आकडाही चुकीचाच होता. अमेरिकेत मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथेही २००४ ते २००९ या काळात असेच घडले आणि ७६ रुग्णांना जास्त मात्रा मिळाली. बारीक शलाका कशा मोजाव्यात याची आंतरराष्ट्रीय नियमावली २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

शाळेच्या भाषेत सांगायचे, तर हा शून्यांक दोष होता. एकच माप शंभर वेळा घेतले आणि शंभरही वेळा तेच उत्तर आले, म्हणून ते बरोबर ठरत नाही. सातत्य वेगळे, अचूकता वेगळी.

कोणी मोजले?

तुलूझची चूक उघडकीला आली ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीने वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा. बाहेरच्या कोणी तरी मोजणे याला पर्याय नाही, हाच त्याचा अर्थ. आपण स्वतःच्या वर्गाचे पेपर स्वतः तपासतो तेव्हा निकाल चांगला लागतो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको.

अशी बाहेरची तपासणी अशक्य नाही, आणि फार खर्चिकही नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९६९ पासून अशी तपासणी टपालाने करत आली आहे; त्यासाठी तिने अनेक वर्षे प्रारण साठवून ठेवणाऱ्या स्फटिक-चूर्णाच्या छोट्या कुप्या देशोदेशीच्या रुग्णालयांना पाठवल्या. रुग्णालयाने त्यावर ठरावीक मात्रा द्यायची आणि कुपी परत पाठवायची. प्रयोगशाळेत चूर्ण तापवले की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि खरी मात्रा कळते. आपल्या देशात ही टपाली तपासणी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने वर्षानुवर्षे केली आहे. अमेरिकेत एका केंद्राने पूर्ण डोके-मानेचे प्रतिरूपच टपालाने रुग्णालयांना पाठवले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा २५० उपचारांपैकी १७९ उत्तीर्ण झाले, ७१ नापास. रोबोंची नव्हे, आधुनिक किरणोपचाराची ही परीक्षा होती. उत्तीर्ण होण्याची अटही मिलिमीटरच्या आत येण्याची नव्हती. मात्रेत ७ टक्के आणि जागेत ४ मि.मी. एवढी सूट होती! यातील प्रत्येक रुग्णालयाची स्वतःची तपासणी मात्र चालूच होती.

म्हणून 'अचूकता ०.९५' या आकड्याशेजारी 'कोणी मोजले' हा रकाना कोरा असेल, तर तो आकडा अपुरा समजावा.

दुसरे टोक

आता त्या नावाकडे परत येऊ : टोकापासून टोकापर्यंत. जाहिरातीतल्या चाचणीचे पहिले टोक आहे सी.टी.चे टेबल आणि शेवटचे टोक आहे फिल्मवरचा ठसा. ही टोके कोणी ठरवली? ज्याच्या हाती यंत्र आहे त्याने. रुग्णाची टोके निराळी असतात. त्याचे शेवटचे टोक आहे : मी बरा झालो का?

टोके बदलली की उत्तर कसे बदलते, याचे जगभर वाचले गेलेले एक उदाहरण धाराशिव जिल्ह्यातच घडले आहे. ते किरणोपचाराचे नाही आणि त्यातल्या आजारावर रोबोचा हा उपचारही करत नाहीत. पण मोजमापाचा धडा तोच आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम, अशा तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंद करत, लोकांशी बोलत. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळला. पुढे १९९९ पासून याच रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह. एका गटात एच.पी.व्ही. विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, तिसऱ्यात सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि चौथा गट नेहमीच्या सोयींवर ठेवलेला.

२००५ मध्ये पहिले निष्कर्ष आले. कर्करोगापूर्वीचे गंभीर बदल हजार स्त्रियांमागे किती जणींत सापडले? डोळ्यांनी पाहण्यात सुमारे ७, पेशीतपासणीत १०, विषाणूचाचणीत ९. या टोकाशी थांबलो असतो, तर तिन्ही पद्धती साधारण सारख्याच, पेशीतपासणी कणभर सरस, असे म्हटले असते. पण संशोधक थांबले नाहीत. आठ वर्षे पाठपुरावा करून त्यांनी मृत्यू मोजले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नेहमीच्या सोयींवरच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू, तर विषाणूचाचणीच्या, किंचित मोठ्या गटात ३४. उरलेल्या दोन पद्धतींत मृत्यू खात्रीने घटले असे म्हणण्याइतका फरक दिसला नाही. पहिल्या मोजमापात सारख्या दिसणाऱ्या पद्धती शेवटच्या टोकाशी वेगळ्या निघाल्या.

या अभ्यासावर, विशेषतः चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर, पुढे कडक नैतिक टीका झाली. ती बाजूला ठेवून या आकड्यांचे कौतुक करता येत नाही. ते ६४ आकडे नव्हत्या. आपल्याच गावांतल्या स्त्रिया होत्या. मोजमापाचीही किंमत असते आणि ती कोण मोजतो हे विचारलेच पाहिजे. पण ज्यांनी ती मोजली त्यांच्यामुळेच आज आपल्याला एक गोष्ट पक्की माहीत आहे : चाचणीने किती शोधले आणि किती जणी वाचल्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

रोबोच्या जाहिरातीला हाच प्रश्न विचारायचा. ०.९५ मि.मी. हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोणत्या प्रकारच्या गाठीचे किती रुग्ण, किती वर्षे पाहिले, किती जणांची गाठ थांबली, किती जणांना त्रास झाला, याचे उत्तर मिलिमीटरमध्ये देता येत नाही. आणि भूमच्या माणसाची साखळी सी.टी.च्या टेबलापाशी सुरू होत नाही. डोकेदुखी सुरू झाली तिथून, 'उष्णता झाली असेल' म्हणून गेलेल्या महिन्यांतून ती सुरू होते. वर मांडलेल्या वर्गांच्या बेरजेत त्याची सर्वांत मोठी चूक बहुधा तीच असते. परांडा-भूमच्या नोंदणीने एवढे मात्र दाखवून दिले, की गावात जाऊन नीट माहिती दिली तर स्त्रिया आजाराच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागतात. त्या कामाला रोबो लागला नाही.

वर्गात करून पाहा

हा सगळा विषय एका तासिकेत करून पाहता येतो. मळलेली शाडूची माती घ्या. एका गटाने मातीच्या गोळ्यात एक हरभरा लपवावा आणि बाहेरच्या तीन खुणांपासून तो किती आत आहे हे पट्टीने मोजून कागदावर लिहावे. दुसऱ्या गटाने फक्त तो कागद वाचून तीन विणायच्या सुया तीन दिशांनी अशा खुपसाव्यात, की त्यांची टोके हरभऱ्याच्या मध्यावर मिळतील. मग दोऱ्याने गोळा कापून टोके आणि हरभरा यांतले अंतर मोजावे. दहा गोळे केले की दोन गोष्टी काढता येतात : सरासरी चूक आणि चुकांचा विखार. सुयांची टोके एकमेकींपासून दूर, पण त्यांची सरासरी मध्यावर, असा एखादा गोळा निघाला तर तो जपून ठेवावा. मध्य आणि कड यांचा वाद तोच समजावून देईल.

दुसऱ्या फेरीत पहिल्या गटाला सहा मिलिमीटर घासलेली पट्टी द्या, मात्र त्यांना सांगू नका. सातत्य तेवढेच राहील, अचूकता मात्र जाईल. आणि शेवटी तिसऱ्या गटाला त्यांच्या स्वतःच्या पट्टीने मोजायला सांगा. बाहेरचा तपासनीस कशासाठी, हे फळ्यावर लिहावे लागणार नाही.

त्या बाईंना मी नंतर पत्र लिहिले. त्यात चार प्रश्न होते. काय मोजले? कशापासून कशापर्यंत? कोणी? आणि शेवटी त्या माणसाचे काय झाले? त्यांनी उत्तर पाठवले, की प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावले आहेत आणि ते कात्रण त्यांच्याखाली चिकटवले आहे. मुले आता टूथपेस्टच्या जाहिरातीलाही तेच चार प्रश्न विचारतात म्हणे.